मुलांची मूर्च्छा आणि फेफऱ्याचा शिक्का

(मंडळाच्या पेण येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



संमेलनात एखाद्या वैद्यास बोलावयास उभे केले म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि पथ्यपाणी यांवरचे चार शब्द ऐकावे लागणार, अशी श्रोत्यांची समजूत असते, आणि बहुधा ती खरीही ठरते. या वर्षी चिटणीसांनी विषयाची निवड आमच्यावरच सोपविली. आम्ही निवडलेला विषय मोठ्यांच्या आजाराचा नाही, मुलांचा आहे. आणि तो निवडण्याचे कारण जितके वैद्यकीय आहे तितकेच सामाजिकही आहे. मुलाला एकदा-दोनदा मूर्च्छा येते, हातपाय चार झटके देतात, जवळचा कोणी तरी ‘फीट आली’ असे म्हणतो, आणि त्या एका शब्दाने त्या मुलाचे पुढचे सारे आयुष्य बांधले जाते. शाळेत त्याला मैदानावर उतरू देत नाहीत, सहलीला नेत नाहीत, विहिरीकडे फिरकू देत नाहीत. आणि मुलगी असली तर सोयरिकीच्या वेळी ती गोष्ट दबक्या आवाजात या घरून त्या घरी जाते. यांतील पुष्कळ मुलांना फेफरे मुळात नसतेच. त्यांना आलेली असते ती साधी मूर्च्छा.

आपल्या भाषेत या दोन गोष्टींना वेगवेगळे शब्द आहेत. घेरी, भोवळ, झीट, मूर्च्छा हे एका बाजूचे. फेफरे, मिरगी, अपस्मार हे दुसऱ्या बाजूचे. जुन्या वैद्यांनीही त्यांची सरमिसळ केली नव्हती. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात मूर्च्छेचा अध्याय निराळा आहे आणि अपस्माराचा निराळा. माधवनिदानातही तीच व्यवस्था आहे. इतकेच नव्हे, तर मूर्च्छेच्या सहा प्रकारांत रक्ताच्या दर्शनाने वा गंधाने येणारी मूर्च्छा हा एक स्वतंत्र प्रकार सुश्रुताने सांगितला आहे. त्याने दिलेली उपपत्ती आज कोणी मान्य करणार नाही. परंतु रक्त पाहून धडधाकट माणूस कोसळतो आणि तो अपस्मार नव्हे, हे निरीक्षण आजही तंतोतंत खरे आहे. मग घोटाळा झाला कोठे? आमच्या मते तो ‘फीट’ या इंग्रजीतून आलेल्या शब्दाने वाढविला. मूल बेशुद्ध पडून हलले, की ती फीट. आणि फीट म्हणजे फेफरे, असे समीकरण घरोघर रूढ झाले.

मूर्च्छा म्हणजे काय, हे प्रथम पाहू. मेंदूला रक्ताचा पुरवठा अखंड लागतो. तो आठ-दहा सेकंद जरी पुरेसा झाला नाही, तरी शुद्ध हरपते. मनुष्य पुष्कळ वेळ ताटकळत उभा राहिला म्हणजे रक्त पायांत साचते. त्यात उकाडा असेल, पोट रिकामे असेल, अंगातले पाणी कमी झाले असेल, किंवा एकाएकी वेदना वा भय यांचा आघात झाला असेल, तर मज्जातंतूंच्या एका प्रतिक्षेपाने हृदयाची गती मंदावते, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब झपाट्याने उतरतो. माणूस आडवा पडतो, आणि आडवा पडला म्हणजे रक्त आपोआप मेंदूकडे वळते. म्हणून तो शुद्धीवरही लवकर येतो. निसर्गानेच केलेला हा उपाय होय. फेफऱ्यात यापेक्षा अगदी वेगळी गोष्ट घडते. तेथे रक्तपुरवठा ठीक असतो. मेंदूतील पेशींच्या विद्युत्‌प्रवाहातच एकाएकी गोंधळ उडतो.

आता कोणी म्हणेल, मूर्च्छेत माणूस गपगार पडतो, हातपाय झाडतो तो फेफरेवाला. हाच तो गैरसमज, आणि तो केवळ सामान्य जनांतच आहे असेही नाही. बर्लिन येथील लेम्पर्ट आणि त्यांचे सहकारी यांनी १९९४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. ५९ निरोगी तरुण माणसांना त्यांच्या संमतीने, जोरजोराने श्वास घ्यावयास लावून व मग एकदम उभे करून, मूर्च्छा आणण्यात आली आणि प्रत्येकाचे चलच्चित्र घेण्यात आले. ज्या ४२ जणांची शुद्ध पूर्णपणे हरपली, त्यांपैकी ३८ जणांच्या अंगाला झटके आले. म्हणजे शेकडा ९० जणांना! पुष्कळांचे डोळे उघडे होते, काहींची बुबुळे वर गेली, कोणी मान वळविली, कोणी कण्हले. त्यांतील एकालाही फेफरे नव्हते. मेंदूला क्षणभर रक्त मिळाले नाही म्हणजे शरीर असे झटके देते, इतकाच त्याचा अर्थ. मूर्च्छेची सरासरी मुदत बारा सेकंद भरली. परंतु ज्या आईने आपले मूल डोळे फिरवून जमिनीवर झटके देताना पाहिले आहे, तिला ते बारा सेकंद बारा मिनिटांसारखे वाटतात, आणि ती तसेच सांगते. तिला दोष देता येत नाही.

अशा मूर्च्छेचे प्रसंग आपल्या घरांत आणि गावांत थोडे नाहीत. पंधरा ऑगस्टला झेंडावंदन असते. मुले सकाळी दूधसुद्धा न घेता निघालेली असतात. पावसाने उघडीप दिलेली असते आणि पेणचे ऊन अशा वेळी किती दमट व कोंदट असते हे येथे सांगावयास नको. पाहुण्यांचे भाषण लांबते आणि रांगेतले एखादे पोर खाली कोसळते. हरतालिकेच्या दिवशी मुली निर्जळी उपवास करितात, दुसऱ्या दिवशी गणपती येतात, आणि मग भरल्या घरात, कापराच्या आणि उदबत्तीच्या धुरात एकामागून एक आरत्या सुरू होतात. आपल्या कोकणातल्या आरत्या पाच मिनिटांत आटोपत नाहीत, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण त्या संपेपर्यंत उभ्या राहिलेल्या उपाशी मुलीच्या रक्तदाबाचा विचार कोणी करीत नाही. कान टोचताना, सुई घेताना, गुडघा फुटून रक्त आलेले पाहताना मूर्च्छा येते. आणखी एक प्रसंग ऐकून भगिनीवर्गाला आश्चर्य वाटेल. सकाळी आई मुलीला पुढ्यात उभी करून तिची वेणी घालीत असते, केस ओढले जातात, आणि मुलगी एकदम पांढरी पडून आईच्या अंगावर कलंडते. केस विंचरताना येणारी ही मूर्च्छा वैद्यकास चांगली परिचित आहे आणि ती बहुतकरून मुलींतच आढळते. ती उभ्याने येते. मुलीला बसवून, काही खावयास देऊन वेणी घातली तर बहुधा येत नाही.

अगदी लहान मुलांची गोष्ट थोडी निराळी आहे. सहा महिन्यांपासून पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांत दोन प्रकार दिसतात. एकात मूल राग येऊन वा हट्ट पुरा न झाल्याने रडू लागते, रडता रडता श्वास सोडून थांबते, ओठ काळेनिळे पडतात आणि मूल लुळे होते. कधी ताठही होते. दुसऱ्यात मूल पडते, डोक्याला लहानसा मार लागतो, पुरते रडतही नाही, आणि पांढरेफटक होऊन कोसळते, अंग कमानीसारखे ताठते. या दुसऱ्या प्रकारात हृदयाचे ठोके काही सेकंद चक्क थांबलेले असतात आणि मग आपोआप सुरू होतात. ग्लासगो येथील मुलांच्या मज्जाविकारांचे तज्ज्ञ डॉ. जॉन स्टीफन्सन यांनी १९७८ साली या प्रकाराचे रीतसर वर्णन करून, हे फेफरे नव्हे, हे वैद्यांच्या गळी उतरविले. त्यापूर्वी अशा किती मुलांना वर्षानुवर्षे फेफऱ्याच्या गोळ्या चारल्या गेल्या असतील, त्याची गणती नाही. दोन्ही प्रकार भयंकर दिसतात. दोन्ही वयाबरोबर जातात. मुलाने हे मुद्दाम केले असे समजून त्याला मारणे चूक, आणि पुन्हा होईल म्हणून त्याचा प्रत्येक हट्ट पुरविणे हेही चूक. आजीमंडळींना यातले दुसरे पटवणे फार कठीण जाते, असा आमचा अनुभव आहे.

येथे रक्तातल्या लोहाचा विषय येतो. रक्तक्षय असलेल्या मुलांत असे झटके अधिक येतात. जॉर्डन देशातील वैद्यांनी १९९७ साली अशा ६७ मुलांवर केलेला प्रयोग प्रसिद्ध केला. निम्म्यांना लोहाचे औषध व निम्म्यांना नुसतेच गोड पातळ औषध दिले, तेव्हा लोह मिळालेल्यांपैकी बहुतेकांचे झटके थांबले वा पुष्कळच कमी झाले, आणि उरलेल्यांत जवळजवळ काहीच फरक पडला नाही. आपल्याकडे याचे महत्त्व अधिक आहे. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब-स्वास्थ्य पाहणीत महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या मुलांपैकी शेकडा सुमारे ६९ मुले रक्तक्षयाची आढळली. ज्या पेणचे पोहे सबंध मुंबई इलाखा आवडीने खात असे, तेथील मुलांना पोहे, दूध आणि बिस्किटे यांवरच वाढवू नये. हिरवी भाजी, डाळी, नाचणी, आणि ज्यांच्या घरी चालते त्यांनी मासळी व अंडी यांची सवय लवकर लावावी.

आता एका मुलीची हकीकत सांगतो. नाव-गाव सांगण्याचे प्रयोजन नाही. ती याच तालुक्यातली, एवढे पुरे. दहाव्या वर्षी ती शाळेच्या प्रार्थनेत कोसळली. हातपाय हलले, कपडे ओले झाले. कोणी कांदा फोडून नाकाशी धरला, कोणी पायातला जोडा काढला, एकाने तिच्या मुठीत किल्ल्यांचा जुडगा कोंबला, आणि ती लगेच शुद्धीवर आल्यामुळे तिघांनीही आपापल्या उपायाचे श्रेय घेतले. वस्तुतः ती आडवी पडली म्हणून शुद्धीवर आली. पुढे सहा महिन्यांत तसे आणखी दोनदा झाले. एका मोठ्या शहरातल्या दवाखान्यात तिच्या मेंदूचा विद्युत्‌आलेख काढला गेला, त्यात ‘किंचित दोष’ निघाला, आणि गोळ्या सुरू झाल्या. पाच वर्षांनंतर तिचे आजोबा कागदांची जाड पिशवी घेऊन आमच्याकडे आले, ते तिच्याकरिता नव्हे. तिच्या थोरल्या बहिणीची सोयरीक ठरत आली होती, आणि वरपक्षाकडून निरोप आला होता की घराण्यात फेफरे आहे असे कळते, तेव्हा विचार करावा लागेल. आजोबांना एक चिठ्ठी हवी होती. कोणत्या मजकुराची, ते त्यांनाही नीट ठाऊक नव्हते.

आम्ही कागद बाजूस ठेवून त्या तिन्ही वेळा कोण हजर होते, ते विचारले. बाई, आई आणि मावशी. तिघींना निरनिराळे बसवून ऐकले. पहिली घटना प्रार्थनेला उभी असताना; दुसरी आई वेणी घालीत असताना, उपाशीपोटी; तिसरी मावशीच्या घरी, विळीने बोट कापल्यावर. तिन्ही वेळा मुलगी आधी म्हणाली होती की डोळ्यांपुढे अंधारी येते, कानांत गुणगुणते, मळमळते. तिन्ही वेळा ती भिंतीसारखी पांढरी पडली व घामाने थबथबली. झटके मोजून आठ-दहा. आणि तिन्ही वेळा डोळे उघडताच तिने नीट शब्दांत विचारले, “मला काय झालं?” निजलेली असताना एकदाही नाही, खेळताना एकदाही नाही. गोळ्यांनी मात्र मुलगी सुस्त झाली होती, वर्गात पहिल्या पाचांत असणारी ती जेमतेम पास होऊ लागली होती, आणि हिरड्या सुजून दातांवर आल्या होत्या. आम्ही तिला मुंबईस मुलांच्या मज्जाविकारतज्ज्ञाकडे पाठविले. तेथे हृदयाचा आलेख निर्दोष ठरला, मूर्च्छेचे निदान झाले, आणि गोळ्या कित्येक महिने थोड्या थोड्या कमी करीत बंद करण्यात आल्या. आज ती पदवीधर आहे. रक्त पाहिले की तिला अजूनही घेरी येते. ती खाली बसते व दोन मिनिटांनी उठते. बहिणीची ती सोयरीक मात्र जमली नाही. दुसरीकडे जमली.

अशा प्रसंगी निदान यंत्राने होत नाही, ते हकीकतीने होते, हे आम्हांस आग्रहाने सांगावयाचे आहे. आपल्याच जिल्ह्यात महाड येथे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रोग्यांजवळ रात्र रात्र बसून, दंशानंतर काय काय आणि कोणत्या क्रमाने घडते हे नोंदविले, आणि त्यातून प्राझोसिन या औषधाचा उपयोग जगापुढे ठेवला. डोळे व कान उघडे ठेवून बसणे हे वैद्याचे पहिले यंत्र होय, असे त्या कामावरून आम्ही समजतो. मूर्च्छेच्या बाबतीत तर वैद्य जवळ नसतोच. तेव्हा ते डोळे आणि कान घरच्यांचे असावे लागतात. मूल कोणत्या स्थितीत होते: उभे, बसलेले की निजलेले? लगेच आधी काय घडले होते? काही खाल्ले होते का? चेहरा पांढरा पडला, की लाल व मग निळा? बेशुद्धी किती वेळ होती, घड्याळ पाहिले होते काय? शुद्धीवर आल्यावर मूल ओळखीने बोलले, की अर्धा-पाऊण तास भांबावलेले, डोके दुखते म्हणत झोपी गेले? जिभेची कड चावली गेली होती काय? फेफऱ्याचा मोठा झटका बहुधा मिनिट-दोन मिनिटे चालतो, तो झोपेतही येतो, आधी काही निमित्त घडावे लागत नाही, आणि नंतरची ग्लानी बराच वेळ टिकते. कपडे ओले झाले, एवढ्यावरून मात्र काहीच सिद्ध होत नाही. ते दोहोंतही होते. आज प्रत्येक घरात चित्र घेणारा मोबाइल आहे. एकाने मुलाला सांभाळावे आणि दुसऱ्याने चित्र घ्यावे. यात निर्दयपणा काही नाही. तीस सेकंदांचे ते चित्र पुष्कळ वेळा दहा तपासण्यांहून मोलाचे ठरते.

मेंदूच्या विद्युत्‌आलेखाविषयी दोन शब्द बोलणे प्राप्त आहे, कारण त्याचा धाक मोठा आहे. जर्मनीतील हान्स बर्गर यांनी १९२९ साली मानवी मेंदूचा असा आलेख प्रथम प्रसिद्ध केला, आणि फेफऱ्याच्या विद्येत त्याने क्रांती केली यात संशय नाही. परंतु पूर्ण निरोगी अशा शंभर मुलांचे आलेख काढले तर दोन-चारांत फेफऱ्यासारखे दिसणारे फेरफार सापडतात; उलट खरे फेफरे असलेल्यांपैकी कित्येकांचा आलेख तपासणीच्या वेळी साफ असतो. म्हणून आलेख हा साक्षीदार आहे, न्यायाधीश नव्हे. हकीकत मूर्च्छेची आणि आलेखात किंचित दोष, अशा वेळी हकीकतीवर भरवसा ठेवावा, असे जाणते तज्ज्ञ सांगतात.

ही चूक आपल्याच खेड्यापाड्यांत होते असे समजून कोणी शरमिंदे होण्याचे कारण नाही. डेन्मार्कमधील फेफऱ्याच्या एका नामांकित केंद्रात दाखल झालेल्या २२३ मुलांची छाननी २००६ साली प्रसिद्ध झाली. त्यांतील ८७ मुलांना फेफरे नव्हतेच. मँचेस्टर येथे २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, फेफऱ्याचे निदान होऊनही गोळ्यांनी बरे न वाटणाऱ्या वा निदान संशयास्पद वाटणाऱ्या ७४ रुग्णांची तपासणी झाली, तेव्हा ३१ जणांचे दुखणे दुसरेच निघाले, आणि त्यांतील बहुतेकांचे मूळ रक्ताभिसरणात होते.

यानंतर जे सांगावयाचे आहे ते ऐकून कोणी घाबरू नये, पण विसरूही नये. थोड्या मुलांची मूर्च्छा साधी नसते. ती हृदयाच्या ठोक्यांच्या विकाराची खूण असते. मूल धावत असताना, पोहत असताना, ऐन खेळात कोसळले. मोठ्या आवाजाने, शाळेच्या घंटेने वा घड्याळाच्या गजराने दचकून कोसळले. निजलेले असताना बेशुद्ध पडले. किंवा घराण्यात कोणी तरुण वयात एकाएकी, कारण न कळता गेला असेल, कोणी चांगला पोहणारा उथळ पाण्यात बुडाला असेल, तर त्या मुलाच्या हृदयाचा आलेख त्याच आठवड्यात काढावा व जाणकाराला दाखवावा. हृदयाच्या आलेखातील एक विशिष्ट अंतर वाजवीपेक्षा लांबलेले असते, असा हा आनुवंशिक विकार आहे. त्याचा एक प्रकार जेर्वेल आणि लांगे-नील्सन या नॉर्वेच्या वैद्यांनी १९५७ साली प्रथम वर्णिला. त्यात मूल जन्मतः बहिरे असते आणि त्याला मूर्च्छा येतात. आई आणि वडील या दोघांकडूनही दोष आला तरच हा प्रकार होतो, आणि म्हणून जवळच्या नात्यात लग्ने होतात तेथे त्याची शक्यता वाढते. मामाच्या मुलीवरचा हक्क हा आपल्याकडे अनेक ज्ञातींत कौतुकाचा विषय आहे. आम्ही त्यावर येथे वाद घालीत नाही. बहिऱ्या मुलाला मूर्च्छा येत असतील तर मांत्रिकाकडे वा नुसत्या मेंदूच्या वैद्याकडे न जाता हृदयाचा आलेख काढावा, इतकेच सांगतो. तो आलेख पाच मिनिटांत निघतो, दुखत नाही, आणि अलिबागला वा मुंबईला गेल्यावाचूनही पेणमध्ये काढता येतो. अशा मुलाला फेफऱ्याचे समजून गोळ्या देत राहणे म्हणजे केवळ चूक नव्हे. त्यात जीव जाऊ शकतो, कारण या विकारावर निराळी आणि गुणकारी औषधे आहेत.

लग्नाचा विषय निघाला आहे, तेव्हा कायद्याची गोष्टही सांगून टाकतो. १९५५च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात फेफऱ्याचा उल्लेख नव्हता. १९७६च्या दुरुस्तीने वारंवार येणारे वेडाचे वा फेफऱ्याचे झटके ही विवाहाला अपात्रता ठरविली गेली. वेड आणि फेफरे एका ओळीत बसविले गेले, आणि तेवीस वर्षे ती ओळ कायद्याच्या पुस्तकात राहिली. १९९९ साली फेफऱ्याचा तो शब्द वगळण्यात आला. म्हणजे आज खरे फेफरे असलेल्या माणसाचेही लग्न त्या कारणाने कायद्याच्या दृष्टीने सदोष ठरत नाही. तथापि पुस्तकातून गेलेला शब्द ओसरीवरच्या बोलण्यातून गेलेला नाही.

मूर्च्छेला फेफरे म्हणू नये, असे आम्ही सांगत आहो, याचा अर्थ फेफरे ही लाजिरवाणी गोष्ट आहे असा कोणी काढील, तर तो आमच्यावर अन्याय होईल. मुंबईच्या पारशी समाजाची घरोघर पाहणी भरूचा आणि त्यांचे सहकारी यांनी केली व ती १९८८ साली प्रसिद्ध झाली. तीत हजारी सुमारे पाच माणसांना केव्हा ना केव्हा फेफरे झाल्याचे आढळले. त्या समाजाने आपली दारे उघडली, माहिती दिली, आणि तिचा उपयोग सबंध देशाला झाला. आपल्या ज्ञातीतही हजारी चार-पाच माणसे असणारच. त्यांतील पुष्कळांचे झटके औषधाने पूर्ण थांबतात, ती शिकतात, नोकऱ्या करितात, संसार करितात. त्यांनी लपूनछपून गोळ्या घ्याव्यात, नातेवाईक आले की बाटली कपाटात दडवावी, आणि लग्नाच्या धामधुमीत चार दिवस गोळी चुकून नेमका बोहल्यावर झटका यावा, यापेक्षा उघडपणे सांगणे सर्वांच्याच हिताचे नाही काय?

मूर्च्छा आली तर करावयाचे काय, ते थोडक्यात सांगतो. मुलाला उचलून उभे करू नये, खुर्चीत बसवू नये. आपल्याकडे पहिली झेप त्यासाठीच पडते आणि त्यानेच बेशुद्धी लांबते. आहे तेथे आडवे निजवावे, पाय हातभर उंच धरावेत, गळ्याजवळची बटणे सैल करावीत, बघ्यांना दूर करावे. झटके देत असेल तर कुशीवर वळवावे. तोंडात चमचा, बोट, पाणी यांपैकी काहीही घालू नये. कांद्याचा उपयोग कोशिंबिरीपुरताच ठेवावा. झटके पाच मिनिटांवर चालले तर मात्र वाट न पाहता दवाखाना गाठावा. ज्या मुलांना वारंवार घेरी येते त्यांना सकाळी काही खाल्ल्यावाचून घराबाहेर पाठवू नये, पाणी भरपूर पाजावे, आणि अंधारी येऊ लागताच लाज न बाळगता खाली बसावयास शिकवावे. उठणे शक्य नसेल तेथे पायांची आढी घालून मांड्या आवळाव्यात, मुठी घट्ट कराव्यात. त्याने रक्तदाब वर येतो. काही मुलांना वैद्य आहारात थोडे मीठही वाढवावयास सांगतात. मिठागरांच्या या मुलुखात त्याचा तुटवडा पडणार नाही. परंतु ते वैद्याने सांगितल्यावरच करावे, कारण घरातल्या आजोबांच्या रक्तदाबाला तेच मीठ वर्ज्य असते.

आणखी एक सूचना, आणि ती सर्वांत निकडीची आहे. हे भाषण ऐकून घरी जाऊन कोणीही आपल्या मुलाच्या फेफऱ्याच्या गोळ्या परस्पर बंद करू नयेत. त्या एकाएकी थांबविल्यास, मूळचे निदान बरोबर असो वा चूक, मोठे झटके येऊन जीवावर बेतू शकते. शंका असेल तर सर्व कागद, घडलेल्या प्रसंगांची तारीखवार टाचणे आणि ज्याने प्रत्यक्ष पाहिले तो माणूस, असे सारे घेऊन मुलांच्या मज्जाविकारतज्ज्ञाकडे जावे. परळला १९२९ पासून चालत आलेले वाडिया बालरुग्णालय आहे, शेजारीच के. ई. एम. रुग्णालय आहे, पेणहून सकाळी निघून संध्याकाळी परतता येते. कागद विसरले तर चालेल, पाहणारा माणूस विसरू नये.

चिटणीसांजवळ आम्ही एक लहानसा तक्ता दिला आहे. त्यात मघाशी सांगितलेले प्रश्न छापले असून उत्तरासाठी जागा मोकळी सोडली आहे. ज्यांना हवा असेल त्यांनी जाताना मंडपाच्या दारातून घेऊन जावा. शाळांतील शिक्षक बंधुभगिनींनी दोन-चार अधिक न्यावेत. उद्या सकाळी नऊ ते बारा आम्ही याच वास्तूत आहो. ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनी खुशाल यावे, आणि जुने हृदयाचे आलेख असल्यास सोबत आणावेत. अध्यक्षमहाराजांनी दिलेली वेळ संपली आहे, भोजनाची पाने मांडली जात आहेत, आणि ताटकळत उभ्या असलेल्या वाढप्यांची आम्हांस काळजी वाटू लागली आहे.